हवा गेली तरी न थांबणारे टायर

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात ज्योती आपल्या स्कूटीचं पंक्चर निघायची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर किशनराव आणि रुक्माबाई हे वयस्कर नवरा-बायको होते. लेकानं पुण्याहून धाडलेली त्यांची छोटी कार समोर जॅकवर चढली होती.

किशनराव म्हणाले, “अगं, टायर बदलायचा पुन्हा इचार कर. हे रनफ्लॅट टायर हायेत. हवा गेली तरी गाडी थांबत न्हाई.”

“म्हणूनच दगडावानी कडक हायेत. वसमतला जाईपस्तोर माझी कंबर खिळखिळी झाली.”

“अन् साधे टाकले, रस्त्यात पंक्चर झालं म्हंजे? या गाडीत स्टेपनी बी न्हाई.”

“मंग थांबायचं.”

“कुठं?”

“डोंगरकड्याला. माझी बहीण राहते की तिथं. दरवेळी तिच्या दारावरून नेता, पण ब्रेक काई लागत न्हाई तुमचा.”

“म्हंजे तू पंक्चर व्हायची वाट पाहून राहिली?”

“माणूस तर बदलत न्हाई. टायर तरी बदलून पाहावं म्हणलं.”

ज्योतीनं ओढणीआड हसू दाबलं. किशनरावांनी दुकानदाराला हाक मारली, “चारी साधेच टाका हो.”

मग ते बायकोकडं वळले.

“बहिणीला फोन लाव तुझ्या. पंक्चरची वाट काहून पाहायची? जेवायलाच येऊन राहिलो म्हणावं.”