डाव्या पायाचं लोखंड

आमी कराडच्या अलीकडचं, घर शेतकऱ्याचं, पर मला उसापरीस इंजिनाचा वास गोड, तवा शाळा सोडून गॅरेजात शिरलो आणि तितंच दिलपा भेटला. पुढं त्याची भन शोभा मी केली, त्यो माजा मेव्हणा झाला, पर आदी आमी दोस्त. वडूज, सांगली, जितं मैदानात गोल ट्रॅक आखून मातीतली मोटरसायकलची रेस लावत्यात तितं आमी दोघं, कवा त्यो पैला, कवा मी.

ह्या रेसच्या गाडीला ब्रेक नसतो, आवं खोटं न्हाई, ब्रेकच नसतो, आणि वळायचं निसतं डावीकडं, म्हणून डावा पाय मातीत घासत न्यायचा, त्या बुटाखाली लोखंडी तळवा. आमचं दोघांचं तळवं एकाच लोहारानं ठोकल्यालं. रेस करून आलो की दिलपा त्यो बूट तसाच घालून घरात शिरायचा, खर्र खर्र, आणि त्याची आई, म्हंजी माजी सासू, चुलीम्होरनं वरडायची, मुडद्या, बूट काढ, फरशी खरडतीया. लय हसायचो आमी.

मग सांगलीची रेस. शेवटच्या वळणाला दिलपा म्होरं, मी मागं, धुरळा असा की सोताचा हात दिसंना, आणि त्यो पडल्याला मला दिसलाच न्हाई. माजी गाडी त्याच्यावर गेली. त्यो तितंच संपला, माजा डावा पाय मोडला, जुळला त्यो आखूड जुळला. कुणी मला बोल लावला न्हाई, शोभानंबी न्हाई, सासूनंबी न्हाई, आणि त्येच मला खातंय. आजबी म्होरं धुरळा उडाला की मी गाडी कडंला घेतो, कोण पडलंय का बगतो.

आखूड पायाला जाड बूट मिळाला, तळ झिजाय लागला तवा मीच खाली पत्रा ठोकला. सासू एकटीच, तिला आमच्याकडं आणली. पुढं तिचं डोळं गेलं, मग सारं इसराय लागली. एक दिवस मी गॅरेजातनं आलो, फरशीवर खर्र खर्र, आणि आतनं आवाज, मुडद्या, बूट काढ. मी तिला मामी म्हणायचो, पर तोंडातनं गेलं, काढतो आये. मग रोज त्येच. शोभा म्हणली, सांगा तिला खरं. म्हणलं, तूच सांग. तिलाबी जमलं न्हाई. पत्रा काढावा असं लयदा मनात आलं, पर आवाज बंद झाला तर म्हातारी दाराकडं कान लावून बसंल.

परवा माजा हात धरून इचारती, दिलपा, तू एकटाच आलास, पावनं कुटं हायती? पावनं म्हंजी जावय, म्हंजी मीच की. म्हणलं, आये, पावनं वारलं, सांगलीच्या रेसात. बोललो आणि खरं सांगतो, हलकं वाटलं. म्हातारी रडली, माज्यासाठी रडली, म्हणली, लय गुणाचं हुतं. मग कान दिला आणि म्हणली, मग शोभीच्या हातात बांगड्या कशा वाजत्यात?

शोभा भाकरी थापत हुती, तिचा हात थांबला.

तवापासनं म्हातारीजवळ जाताना ती बांगड्या वर सारून घट्ट बसवती. मी आलो की म्हातारी वरडती, मी उंबऱ्यात बसून बूट काढतो, मग ती माज्या डोक्यावरनं हात फिरवती, म्हणती, तू तरी ऱ्हायलास बाबा, माजं औक्ष तुला लागू दे. दिलपाच्या नावचं हाय त्ये, पर मी घेतो.