पाळण्यात मधोमध बरकातकाका

...नाही नाही, आधी हसू नका, अजून हसण्यासारखं मी काही बोललेलोच नाही, आणि ऐकून हसणार असाल तर मग मी सांगतच नाही, कारण गेल्या शुक्रवारपासून आमच्या गल्लीत एक माणूस माझ्याकडं न हसता बघत नाहीये! तो समोरचा इस्त्रीवाला तर मी दिसलो की इस्त्री उभी करून ठेवतो आणि ओरडतो, "काय शौकीभाई, आज कुणाला बरोबर नेताय?" की लगेच कॉफीच्या दुकानातले सगळे खो खो हसतात. मान वर करून चालता येत नाही हो! आणि हे सगळं कशापायी? तर या जिभेपायी. गप्प बसायला मला काय होतं?

तुम्हाला सांगतो, शुक्रवारची सकाळ. तिन्ही पोरं हेलवानला मावशीकडं गेलेली. घरात एवढी शांतता, की नळ ठिबकतोय हे मला त्या दिवशी कळलं. मी आपला गरम तामियाची भजी पावात घालून खातोय, आणि आमची सुहैर, माझी बायको, कपड्यांच्या घड्या घालता घालता एकदम थांबली आणि म्हणाली, "शौकी, चल, पाळण्यांच्या बागेत जाऊ."

म्हटलं, "आत्ता?"

"आत्ता."

"पोरांशिवाय?"

"पोरांशिवायच!" आणि लाजली हो! तीन पोरांची आई, अख्ख्या जिन्यात जिच्या आवाजाला लोक दचकतात, ती बाई लाजली!

त्याचं असं आहे, आमची सोयरीक ठरली तेव्हा आम्ही त्या बागेत एकदा गेलो होतो. दोघंच? छे! आपल्याकडं ठरलेल्या पोरापोरीला असं मोकळं सोडतात होय? तिचा भाऊ बरोबर. आकाशपाळण्यात गडी आमच्या मधोमध बसला, मांडीवर खारवलेल्या दाण्यांची पुडी, आणि पाळणा वर जाऊन खाली येईस्तोवर सालं थुंकत होता... माझ्या बाजूला! पुढं लग्न झालं, मग पोरं झाली, मग पोरं मधोमध. म्हणजे नवऱ्याला चिकटून बसून वरून कैरो बघायचं या बाईचं राहिलंच की! एवढीच मागणी. बांगड्या नाहीत, फ्रिज नाही, एक पाळणा! तिनं तो पिस्ता रंगाचा रुमाल काढला, जो फक्त लग्नाकार्याला निघतो, तो डोक्याला बांधला, आणि जिना उतरताना माझा हात धरला. भर जिन्यात! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... मी शीळसुद्धा घालत होतो.

आणि खाली दारात बरकातकाका.

तळमजल्यावर राहतात. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बायको फत्हियाकाकू मागच्या हिवाळ्यात गेली, तेव्हापासून ती दारातली खुर्ची आणि ते. मला म्हणाले, "काय रे शौकी, नटूनथटून कुठं?"

मी म्हटलं, "पाळण्यांच्या बागेत. या ना काका, चला!"

आता इथवर काही बिघडलेलं नाही, मला सांगा, बिघडलंय का? आपल्याकडं हे म्हणायचंच असतं. बसमध्ये पावाचा शेवटचा घास तोंडात चाललेला असला तरी शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणायचं, "घ्या ना." त्यानं छातीवर हात ठेवायचा, "नको नको, तुम्ही खा." मिटलं! नदीच्या मध्यावर जेवायला बसलेला नावाडी काठावरच्या माणसाला हाक घालतो, "या जेवायला!" तो काय पोहत येणारे? नावाड्याचं आमंत्रण म्हणतो आपण त्याला, दूधपित्या पोरालाही कळतं. आणि काकाही शहाणे! छातीवर हात ठेवून म्हणाले, "नको रे बाबा, तुम्ही मजा करा."

झालं की! चालू पडायचं की! गप्प बसायला मला काय होतं? पण नाही. "असं कसं काका, चलाच!" हे दुसऱ्यांदा. सुहैरनं माझा हात दाबला. काका म्हणाले, "अरे तुम्ही नवरा-बायको, मी म्हातारा कुठं मध्ये?" बघा, माणूस स्वतःच्या तोंडानं माझी सुटका करत होता! आणि मी, सुट्टीचा दिवस, ऊन छान, अंगात आलं माझ्या, मी छाती ठोकून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "तुम्ही आमच्याबरोबर आला नाहीत, तर माझ्या बायकोला तलाक!"

...

तसं बघू नका हो! म्हणतात लोक! आमच्या कोपऱ्यावरचा कलिंगडवाला दर कलिंगडामागं बायकोला तलाक देतो, "आतून लाल निघालं नाही तर..." म्हणून, आणि संध्याकाळी तिच्याच हातचं जेवतो! पण त्याची बायको तेव्हा त्याचा हात धरून शेजारी उभी नसते. सुहैरनं हात सोडला. इस्त्रीवाल्याची इस्त्री जागच्या जागी थांबली, कुणाची तरी कॉलर जळल्याचा वास आला. आणि बरकातकाका, पाच वेळचे नमाजी, पांढरेफटक पडले, खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "असं अभद्र बोलू नये रे. माझ्यापायी तुझं घर मोडायला नको. थांबा, मी बूट घालून येतो."

सुहैर त्यांना म्हणाली, "या काका, तुमच्या येण्यानं शोभाच येईल." काय गोड आवाज! तो ऐकून मला पाठीला घाम फुटला.

बागेत पोचल्यावर मी हळूच म्हटलं, "काका, तुम्ही या बाकावर सावलीत बसा, आम्ही पाळण्यातून एक फेरी मारून येतो." तर काका विचारात पडले. म्हणाले, "तू नक्की काय म्हणाला होतास? 'बागेत या' म्हणालास, की 'आमच्याबरोबर या' म्हणालास?"

सुहैर म्हणाली, "'आमच्याबरोबर' म्हणाला, काका." हे आमच्याच घरातलं माणूस बरं का!

"मग मला पाळण्यातही यायला हवं. तलाक म्हणजे थट्टा नाही, पोरा."

आणि बसले! पाळणेवाला म्हणाला, "जड माणूस मध्ये घ्या, तोल राहील," की काका मधोमध, इकडं मी, तिकडं ती. पाळणा उचलला तसं काकांनी डोळे गच्च मिटले आणि आम्हा दोघांचेही हात धरले. मी मुंडी वाकडी करून सुहैरकडं बघतोय, ती नाईलकडं बघतेय, रुमालाचं टोक वाऱ्यावर उडून काकांच्या तोंडावर बसतंय. मला इतका राग आला होता! आणि अगदी वर गेल्यावर काका डोळे न उघडताच म्हणाले, "माझी फत्हियाही म्हणायची, मला एकदा पाळण्यात बसवा. मी म्हणायचो, पुढच्या ईदला. दर ईदला म्हणायचो." आणि हुंदका दिला हो म्हाताऱ्यानं.

आता रागवायचं तरी कुणावर? सुहैरनं स्वतःच्या रुमालाच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले. आणि मग त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. एकदाच. चिडलेली असती तर बरं झालं असतं... चिडली नव्हती ती. असं बघत होती, जणू पुढच्या ईदची वाट बघणं आता हिनंही सोडलं. तुम्हाला सांगतो, मला त्या पाळण्यातून खाली उडी मारावीशी वाटली. हिचा हात आपल्या हातात होता हो, जिन्यात! गप्प बसायला मला काय होतं?

मग काय, खाली उतरल्यावर तिनं काकांना रताळं खाऊ घातलं, उसाचा रस पाजला, धडक देणाऱ्या मोटारीत बसवलं. दोघं एकमेकांना धडका देऊन हसतायत, काका ओरडतायत, "आता डावीकडून ये, पोरी!" आणि मी कठड्याबाहेर उभा, एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात काकांची जपाची तसबीह आणि कवळी. हो, कवळी! धडकेत पडेल म्हणून माझ्याकडं दिली होती.

संध्याकाळी घरी आलो. ती पिस्ता रंगाच्या रुमालाची घडी घालत होती. मी म्हटलं, "सुहैर, चुकलं माझं. मला फार लाज वाटतेय. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाऊ, आपण दोघंच."

"पुढच्या शुक्रवारी मी जातेच आहे," ती म्हणाली. "इनायातला सांगितलंय. आम्ही बहिणी-बहिणी."

"आणि मी?"

तिनं घडी बाजूला ठेवली. छातीवर हात ठेवला, अगदी गोड हसली, आणि एरवी मला अरेतुरे करणारी माझी बायको म्हणाली, "अहो, या ना! तुम्ही आलात तर आम्हाला आनंदच आहे!"

एकदाच म्हणाली. मी उभा राहिलो, वाट बघत. दुसऱ्यांदा म्हणाली असती ना, तर तिथल्या तिथं बूट चढवले असते मी! पण ती कपाट उघडून रुमाल ठेवायला लागली. मग काय करता? मीही याच शहरात जन्मलोय. छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "नको नको... तुम्ही मजा करा."