आधी आड दाखवतो

आमी मूळचे आष्ट्याकडचे. गावाचं नाव सांगणार न्हाई, नाव घ्यावं असं गावानं काही केलेलं न्हाई. घरची शेती व्हती, बैलं व्हती, थोडा ऊस, थोडी हळद, उपाशी कवा झोपलो न्हाई, तवा मी पोटासाठी गाव सोडलं असं कुणी समजू नये. पोटासाठी सोडलं असतं तर एवढा राग मागं राहिला नसता. मी गाव सोडलं ते वंजळभर पाण्यासाठी, आन् काय सांगू तुमाला मास्तर, त्याच पाण्यापाशी परत येऊन थांबलोय.

माझी पोरगी तानी तवा नुकती चालायला लागली व्हती. हळद काढणीचे दिवस, ऊन असं की डोकं भणभणावं. मी खणत व्हतो, माझी बायको हौसा मागनं गड्डे वेचत व्हती आन् पोर बांधावर झोळीत. पोर उठली, रडायला लागली, आमच्या घागरीतलं पाणी संपलेलं आन् घरनं कुणी आणलं नव्हतं. सरसा आमच्या रानात कामाला यायची, यशवंता मांगाची बायको. तिच्याजवळ मडकं व्हतं. तिनं पोरीला वंजळीनं पाणी पाजलं, ते बी इकडं तिकडं बघत, भीत भीत. पोर प्याली आन् हसली. एवढंच झालं. माझ्या बापानं ते लांबनं बघितलं, आन् त्यानं काय करावं, तर पोरीला गोमूत्र पाजलं, सरसाला रानातनं हाकललं आन् गावात तिला कुणी कामाला घेऊ नये म्हणून घरोघर सांगत फिरला. मी म्हणलो, आवं आबा, पोर तहानेनं मेली असती तर. बाप म्हणला, मेली असती तर दुसरी झाली असती. हे त्याचं बोलणं हाय, मी माझ्या पदरचं काही घालत न्हाई.

आन् गंमत बघा, आमच्या बैलांची दावी, मोटेचा नाडा, गाडीचे कासरे, सगळं यशवंतानंच वळलेलं. मोटेचं पाणी त्याच नाड्यानं वर यायचं, ते बापाला चालायचं. मी आन् यशवंता एका वयाचे, एका ओढ्यात पोहलेले, तरी तो मला आवं गणपादा म्हणायचा आन् मी त्याला अरं यशवंता. ते मला कवा खटकलं न्हाई. खटकायला पायजे व्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच बसलं, पोर हितं वाढवायची न्हाई. ती मोठी झाली की माझ्या बापासारखी व्हईल, न्हाईतर माझ्यासारखी, म्हणजे बघून गप्प बसणारी, आन् दोन्ही नको.

लढाई चालू व्हती तवाची गोष्ट. हौसाला म्हणलं, चल. ती म्हणली, कुठं. मी म्हणलं, जितं जात विचारत न्हाईत तितं. ती हसली, म्हणली, मग लय लांब जावं लागंल. सांगलीत आलो, हळदीच्या पेठेत हमाली मिळाली, पण जागा मिळंना. सांगलीत बी गल्लीगल्लीला जात. आधी नाव विचारायचे, मग गाव, मग पाहुणे कुठले, आन् मग जे विचारायचं ते. मी त्यांच्यातला निघायचो, तवा मला जागा द्यायला तयार व्हायचे, पण ते विचारणं ऐकलं की माझंच पाऊल मागं यायचं. शेवटी हरिपूरच्या वाटेला, गाव संपतं तितं उंचवट्यावर पेवांवर काम करणाऱ्यांची वस्ती व्हती, तितं गेलो. झोपड्यांच्या पयल्याच दारात मल्लव्वा बसलेली, म्हातारी, कानडी मुलखातली, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. आता ही काय विचारतीया म्हणून मी उभा राहिलो. तिनं तानीकडं बघितलं आन् विचारलं, पोरीला दूध हाय का? एवढंच. जात न्हाई, गाव न्हाई. मी तितंच गाठोडं खाली टाकलं.

शेजारी अमीन, त्यानं आपल्या छपराचे दोन वासे काढून मला दिले. पलीकडं जतकडचे धनगर, मेंढरं दुष्काळात गेली म्हणून हमालीला आलेले. माझं घर उभं करायला सगळी वस्ती आली. टोळीचा मुकादम तात्या, आमच्याच जातीचा, कवठेमहांकाळकडचा, त्यानं सोताच्या हातानं कूड लिंपला आन् म्हणला, गणपा, हितं सगळ्यांची एकच जात, पेववाला. मी हौसाकडं बघितलं. त्या दिवशी मला वाटलं मी पोरीला राज्य मिळवून दिलं.

आन् मग मी यशवंताला बोलवून आणलं. हे मी केलं. माझ्या बापानं सरसाला कामाला मोताद केलेलं, ते माझ्या मनाला लागलेलं. मी गावाबाहेर त्याच्या वस्तीत गेलो आन् म्हणलं, चल सांगलीला, पेवाला दोर लय लागतो, आन् वस्ती अशी हाय की पोरं माणसासारखी वाढतील. तो म्हणला, आवं गणपादा, तितं मला दारात उभं करत्यात का दाराबाहेर? मी म्हणलं, घरात. सरसा म्हणली, बघा हां, तुमच्या शब्दावर येतोय. माझ्या शब्दावर आली ती. आल्यावर आठवडाभरानं यशवंता मला नुसतं गणपा म्हणायला लागला, आन् खरं सांगतो मास्तर, ते कानाला लय गोड लागलं.

आता तुमाला पेव सांगायला पायजे. पेव म्हणजे जमिनीतली हळदीची खोली. तोंड एवढंसं, एक माणूस जेमतेम उतरंल असं, आन् आत पोट मोठं. हळद भरून तोंड बंद करून वर माती टाकायची, वर्ष दोन वर्ष माल आत. उघडलं की आतली हवा माणूस मारते. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं न्हाई. जळत राहिला तर मुकादम आधी उतरणार, कंबरेला दोर बांधून. वर एक जण दोर धरणार, त्याला म्हणायचं दोरकरी. खालनं दोर हिसकला की दोरकऱ्यानं ओढायचं. का, कशाला, विचारायचं न्हाई. खालच्याशी भांडण असू दे, वैर असू दे, हिसका आला की ओढायचं. आमच्या धंद्यात धरम असा तो एकच. मी दोरकरी व्हतो, आन् दोर यशवंताचा. त्याचा दोर आल्यापासून टोळीतला कुणी बाजारचा दोर कंबरेला लावीना.

मग स्वराज्य आलं. पेठेत झेंडा लागला, वस्तीत गूळ वाटला, तात्यानं भाषण केलं, आता सगळे एक. मी लय टाळ्या वाजवल्या. पुढच्या उन्हाळ्यात ठरलं, बायकांना नदी लांब पडते, वस्तीचा आपला आड खणायचा. सगळी वस्ती खणायला. अमीन खणला, धनगर खणले, यशवंता तर सगळ्यात खाली, कारण दोराला लोंबकळून काम करायची भीती त्याला न्हाई. सरसानं माती वाहिली, डोक्यावरचे केस गेले तिचे. पाणी लागलं ते यशवंताच्याच पहारीला. वर आला तवा गुडघ्यापर्यंत चिखल, आन् हसत व्हता. रहाटाला दोर त्यानंच बांधला.

दुसऱ्या दिवशी तात्याच्या दारात चार माणसं बसली. मला बी बोलवलं. म्हणले, आड झाला, बरं झालं. आता पाणी भरायची रीत ठरवू. यशवंताच्या घरच्यांनी रहाटाला हात लावायचा न्हाई, त्यांना कुणीतरी ओतून देईल. मी म्हणलं, तात्या, तुमीच म्हणला व्हता एकच जात. तात्या शांतपणानं म्हणला, कामावर एकच. पाण्याला कशी व्हईल, उद्या पोरींची लग्नं करायची हायती आपल्याला. आन् अमीन? अमीन खाली बघत बसला. म्हणला, गणपा, मला बी रहाटाला कवा न्हाई म्हणतील सांगता येत न्हाई, मला मधी घालू नको. मी त्याला दोष देत न्हाई. देतो बी. दोन्ही.

मी एकटा बोललो आन् एकट्याचं कोण ऐकतंय. यशवंताच्या घरी सांगायला गेलो तर सरसा चुलीपुढं बसलेली. सगळं ऐकून घेतलं तिनं, आन् म्हणली, ओतलेलं पाणी मी गावात बी पीत व्हते. त्यासाठी एवढं लांब कशाला आणलं?

याला उत्तर सांगा मास्तर.

सकाळी पेव उघडायचं व्हतं. पेठेतल्या शेठला जुना माल पायजे व्हता. कंदील सोडला, जळत राहिला. तात्यानं कंबरेला दोर बांधला, यशवंताचा दोर, गाठ दोनदा ओढून बघितली आन् म्हणला, दोर म्हणजे दोर हाय. असं कौतुकानं म्हणला हो! माझ्या कानात शिसं ओतल्यागत झालं. मी त्याला खाली सोडला. माल बघून झाला, दोर हिसकला. मी ओढायला लागलो. निम्म्यावर आला आन् माझे हात थांबले. मी दोर खुंटाला गुंडाळला. तात्या अधांतरी, ना पायाला भिंत ना हाताला, वर उजेडाचा एवढासा ठिपका. मी पेवाच्या तोंडावर वाकलो आन् विचारलं,

तात्या, दोर कुणाचा?

आधी शिवी आली. मग त्याचा आवाज आला, लहान पोराचा असावा असा, यशवंताचा हाय रं, घे वर. मी म्हणलं, आन् आड कुणी खणला? नुसता श्वास ऐकू यायचा. तेवढ्यात अमीन धावत आला, मला ढकलून पाडलं आन् त्यानं आन् धनगराच्या पोरांनी तात्याला वर घेतलं. तात्या मातीत बसला, कंबरेची गाठ सोडली. मला मारलं न्हाई. नुसतं टोळीला म्हणला, याच्या हातात परत दोर द्यायचा न्हाई. ते बरोबर हाय. मी तात्याच्या जागी असतो तर हेच म्हणलो असतो.

मला वाटलं, यशवंता तरी माझ्या बाजूनं बोलंल. तो आला, दारातच थांबला, आत आला न्हाई. म्हणला, आवं गणपादा, माझा दोर माणूस वर काढायचा हाय, टांगायचा न्हाई. तुमी माझ्या दोराला बट्टा लावला. आता ते म्हणत्यात, मांगाला शेजार दिला की असंच व्हतं.

आवं गणपादा. मी त्याचा पुन्हा गणपादा झालो. तो आजपर्यंत तसंच म्हणतो, आन् चांगलं बोलतो, आन् मला ते आवं रोज टोचतं. तात्याला लोंबकळत ठेवला ते वाईट केलं, कबूल. पण माझा राग त्यानं विझला न्हाई. मला कुणी शानपण शिकवू नये की रागानं काही व्हत न्हाई. गप्प बसून तरी काय झालं? आड तितंच हाय, आन् रीत बी तीच.

आता मी पेठेत पोती उचलतो. दोर न्हाई. यशवंता वस्ती सोडून गेला न्हाई. मी एकदा म्हणलं, जा यशवंता, दुसरीकडं बघ, मी चुकून आणलं तुला. तो म्हणला, कशाला जाऊ, मी बी खणलाय. सरसा ओतलेलं पाणी घेत न्हाई, नदीवर जाते. ती जायला लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हौसानं मला न विचारता आपली घागर उचलली आन् तिच्यासंगं चालायला लागली. आमच्या दारासमोर आड, आन् माझी बायको नदीला. मल्लव्वाला चालवत न्हाई, तिनं तानीला सांगितलंय, मला बी नदीचंच आण, ह्या आडाचं पाणी माझ्या घशाखाली उतरत न्हाई. तात्याची बायको रहाटावरनं बघत राहते. कधी तोंड फिरवते, कधी न्हाई.

लोक अजून येत्यात. डोक्यावर गाठोडं, कडेला पोर, आन् कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की गणपाला विचारा. काका, वस्ती कशी हाय, पोरं वाढवायला बरी हाय का? मी म्हणतो, बरी हाय. खोटं न्हाई ते. मल्लव्वा जात विचारत न्हाई, अमीन वासे देतो, आजारपणात रात्र रात्र लोक उशाला बसत्यात. पण आता मी आधी आड दाखवतो. यशवंताला दाखवायला आड नव्हता तवा, पण मी नुसतं चांगलंच सांगितलं, तसं आता करत न्हाई. आड दाखवतो, रीत सांगतो, दोर कुणाचा ते सांगतो, आन् मग म्हणतो, आता ठरवा.

परवा एक जोडपं आलं, खानापूरकडनं, बाई पोटुशी. कोण, कुठले, मी विचारलं न्हाई. आड दाखवला, सगळं सांगितलं. गडी बायकोकडं बघायला लागला. ती कठड्यापाशी गेली, आत वाकून पाणी बघितलं, लय वेळ बघितलं. मग डोक्यावरचं गाठोडं माझ्या दारात ठेवलं आन् विचारलं, नदी किती लांब हाय?

हौसा घागर घेऊन निघालीच व्हती. म्हणली, चल, दाखवते.