पाट्यावरची रेकॉर्ड

पनवेलला ब्लॉक घेतला तेव्हाची गंमत. रेकॉर्ड लावली की गाण्याखाली घरघर, आणि मोठ्या स्पीकरचा पडदा बेडकाच्या गळ्यासारखा आत-बाहेर. कुणीतरी म्हणालं, प्लेअरखाली जड दगड ठेव. मी स्वयंपाकघरातला पाटा उचलून आणला, त्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. घरघर गेली, पडदा शांत.

तेवढ्यात आतून मिक्सर सुरू झाला. गाणं पार बुडालं.

"अगं, तो बंद कर ना," मी बायकोला म्हटलं.

"करते की. माझा पाटा आणून द्या."

हल्ली रविवारी आधी मी वाटण वाटतो, पाटा धुतो, मगच गाणं लावतो. मित्र विचारतात, "आवाज एवढा स्वच्छ कसा रे?"

ही आतून सांगते, "कोलंबीचं वाटण बारीक झालं, की येतो आपोआप."