राहत्या घराचा विमा

बाबांच्या गाडीचा विमा भरायला रोह्याच्या विमा कचेरीत रांगेत उभी होते, चक्क एकटी! माझ्यापुढे कोलाडचे नवरा-बायको. परवा त्यांच्या होमस्टेचं स्वयंपाकघर जळालेलं.

“फॉर्मवर लिव, घरात कोन नव्हतं,” नवरा म्हणाला.

“आनि उतरलेली ती कल्यानची पोरगी? हात भाजलाय तिचा.”

“तिला कोन इचारतंय गो? आपला विमा राहत्या घराचा हाय. भाड्यानं मानसं ठेवलेली कळलं, तर एक पत्रा मिळनार नाय.”

“एजंट बोललावता, होमस्टेचा येगळा काढा.”

“आता तेच उगाळ.”

“उगाळत नाय. दमलेय.”

“मी काय ताजा हाय? सही कर नि चल.”

“तिची आय फोन करते. ती पन पोरीच्या दवाखान्याच्या विम्याला कागद देनार, कुठं भाजली म्हनून. आपन लिवलं कोन नव्हतं, तर ती पोरगी खोटी पडंल.”

“आनि पावसात आपन रांधायचं कुठं?”

“पडवीत. आता रांधतोय तसं.”

“चला, पुढचे!” खिडकीतून आवाज आला. “आग लागली तेव्हा घरात कोण होतं?”

नवरा खिशात चष्मा शोधत राहिला.

“पाच जन व्हते, सायेब,” ती म्हणाली. “नावं सांगते, लिवा.”