डायनासोरची संकष्टी

तुमच्यापैकी कोणी डायनासोरला संकष्टीचा उपवास घडवलाय का? आमच्या सासूबाईंनी घडवलाय, नाशिकरोडच्या घरात बसून.

तेव्हा आम्ही नवीनच कॉम्प्युटर घेतला होता. माझ्या मुलीने, रेवाने, महिनाभर खपून त्यावरच्या खेळात डायनासोरचं पार्क उभारलं होतं. संकष्टीच्या दुपारी क्लासला जाताना ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, याला भूक लागली की लाल दिवा लागेल. मग हे बटण दाब, म्हणजे आत बकरी जाते. विसरलीस तर माझं पार्क बंद पडेल हं!"

तासाभराने दिवा लागला. सासूबाई हाताची घडी घालून बसलेल्या.

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "आई, दाबा ना बटण."

"आज बकरी? चंद्र उगवू दे. आपण सगळे थांबलोय, यालाच काय धाड भरलीय?"

"अहो आई, तो खोटा आहे."

"मग खोट्याला भूक कशी लागते?"

मी मोदकाचं सारण हलवत राहिले.

सहाला रेवा आली आणि किंचाळलीच. डायनासोर कुंपण तोडून बाहेर आला होता, पार्कला टाळं लागलं होतं.

"आजी, याने बारा माणसं खाल्ली!"

सासूबाईंनी चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं.

"तीन तास उरले होते फक्त. मोडला मेल्याने उपवास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाने रडतरडत नवीन पार्क सुरू केलं, आणि सासूबाईंनी अंघोळ, देवपूजा उरकून डायनासोरला स्वतःच्या हाताने दोन बकऱ्या सोडल्या.