कमरेतली सुई

दवाखान्यात माझ्या बाजूच्या बाकावरच्या गजेंद्रची काय तऱ्हा सांगू. त्याची बायको, अपेक्षा, आत बाळंतपणाच्या कळा सोसत होती अन् हा घडीघडी बापाले फोन लावत होता.

"दुखणं कमी करायची सुई कमरेत देतात. अपेक्षा हो म्हणते. घरच्यांचं काय?" नर्सबाईनं विचारलं.

"त्या सुईनं जन्माची कंबर धरते," त्याची माय बोलली. "मंग वावरात वाकन कशी?"

"तशी नाही धरत, मावशी. कधी बीपी उतरते, वेळ जास्त लागते. पण कळ सोसवते."

"मी तिघं सुईबिगर काढले."

"गजेंद्रभाऊ, तुम्ही बोला."

"बाबा फोन उचलून नाही राह्यले."

नर्सबाई आत जाऊन पाहून आली.

"आता राहू द्या. बाळ यायलाच झालं, सुईची वेळ निघून गेली."

आतून अपेक्षा ओरडली. गजेंद्र फोनकडंच पाहत होता. मी उठून त्याच्यापुढं उभी राह्यली.

"बाबू, एका सुईले तू हो नाही म्हणला, आजपासून ती तुले काहीच मांगनार नाही."